तो डाग पुसू नका, वहिनी

हसू नका, पण सुरुवातीला मला वाटलं होतं की आमच्या भाऊजींचं कुठेतरी सूत जुळलंय. आणि कुठेतरी म्हणजे कुठे, तर आमच्याच घरात, मागच्या खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत!

भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. टाइल्स, नळ आणि बेसिनच्या दुकानात कामाला. स्वभावाने इतका गप्प की जेवताना ‘मीठ’ म्हणाला तर आम्ही सगळे वर बघतो, आज काय विशेष म्हणून. असा हा माणूस एक दिवस कागदात गुंडाळून एकच गुलाब घेऊन आला. बायकोला दिला नाही. दुसऱ्या दिवशी लाल रेशमी फीत. मग लांब दांड्याचे दोन काचेचे ग्लास. आला की मागच्या खोलीत, आणि दाराला कडी.

मी बाहेर कपडे वाळत घालत होते आणि आतून आवाज आला. भाऊजींचाच, पण असा मऊ की मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले.

“हं, अशीच. जरा इकडे वळ. अगं, इतकी चमकू नकोस. सुंदर! आता हलू नकोस.”

टॉवेल तसाच खांद्यावर टाकला. धाकटी, म्हणजे माझी जाऊ, तेव्हा कामावर. एका बस कंपनीत दिवसभर कानाला फोन लावून बसते आणि कुठल्या ड्रायव्हरने कुठून वळायचं ते सांगते. मनात आलं, ही बिचारी सगळ्या गावाच्या गाड्या मार्गाला लावतेय, आणि हिची स्वतःची गाडी भलत्याच गल्लीत शिरली! कोपऱ्यातला झाडू उचलला आणि दाराला खांदा दिला. आमच्या कड्या नावालाच असतात.

आत भाऊजी गुडघ्यांवर. डोळ्याला कॅमेरा. समोर पांढऱ्या कागदावर, अंगावर पाण्याचे थेंब मिरवत, एक ढोबळी मिरची.

“वहिनी, दार लोटा. उजेड हलतो.”

मी झाडू उगारलेलाच. तोंडाने तर येता येता वाक्य तयार करून ठेवलेलं, ते बाहेर पडलंच. “कोण आहे ही?”

भाऊजींनी मिरचीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी सरळपणाने म्हणाले, “ढोबळी.”

मी तिथेच जमिनीवर बसले. हसून हसून पुरेवाट झाली माझी. संध्याकाळी धाकटीला सगळं साग्रसंगीत सांगितलं, तर तिने बूट काढता काढता म्हटलं, “ताई, चांगलंय की. निदान भाजी तरी घरात येतेय.”

तर त्या दिवशी आम्हाला कळलं की भाऊजी फोटो विकायला निघालेत. म्हणजे काय ते मला समजायला दोन कप चहा लागला. इंटरनेटवर म्हणे फोटोंचं एक भलंमोठं दुकान असतं. आपण फोटो काढून तिथे ठेवायचा. कुठल्या तरी डॉक्टरला पथ्याच्या कागदावर मिरची छापायची असते, कुठल्या बियाणेवाल्याला पाकिटावर हवी असते, तो ती उचलतो. तो जे देतो त्यातला थोडा हिस्सा आपल्याला येतो.

“आणि वहिनी,” भाऊजींचे डोळे लकाकले, “भाजीवाल्याला एक मिरची एकदाच विकता येते. मला तीच मिरची कितीही वेळा विकता येईल.”

“वा! आणि आजवर किती वेळा विकली?”

“अजून नाही.”

तेव्हापासून मी त्यांना सावकार म्हणायला लागले. “सावकार, जेवायला या.” “सावकार, कचरा टाकून या.” ते नुसते हसायचे. माझ्या चिडवण्याने चिडत नाही असा हा घरातला एकच माणूस, म्हणून तर चिडवायला मजा येते.

पण मागची खोली मात्र त्यांनी मनावर घेतली होती. आमच्या घरातली ती सगळ्यात बिनकामाची जागा. इस्त्रीचं टेबल, बॅगा, एक मोडका पंखा. खिडकी अशी की तिच्यातून ऊन कधी आतच येत नाही. मी तर तिला रुसकी खिडकी म्हणायचे. भाऊजींना नेमकी तीच हवी होती. ऊन आलं की सावल्या कडक पडतात म्हणे, आणि या खिडकीतून दिवसभर नुसता उजेड येतो, गाळून घेतल्यासारखा. त्यांनी टेबल खिडकीशी ओढलं, पांढरा पुठ्ठा भिंतीला टेकवून खाली मऊ वळवला, बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा उभा केला, आणि सगळं माझ्या कपड्यांच्या चिमट्यांनी आवळलं. वाळत घातलेले कपडे वाऱ्याने शेजाऱ्यांकडे जायला लागले, पण खोली उभी राहिली.

“असा उजेड विकत मिळत नाही, वहिनी,” ते म्हणाले होते. मिठाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल मी त्यांना इतक्या जीवाने बोलताना ऐकलं नव्हतं.

फोटो सुंदर असायचे, खोटं कशाला बोलू. गुलाबावर दव, ग्लासात निळं पाणी, पुस्तकावर चष्मा. ते एक एक करून वर पाठवायचे आणि तिथून धडाधड परत यायचे. त्या दुकानात तपासणारे बसलेले असतात, आणि ते आमच्या सासऱ्यांपेक्षा कडक. फोटोत कुठल्याही कंपनीचं नाव दिसलं की नापास. कोपऱ्यात, उलटं, पुसट, कसंही दिसलं तरी नापास. कारण ते नाव त्या कंपनीचं, आपण ते विकायचं नाही.

मग काय! भाऊजींनी घरातली नावं पुसायचा धडाकाच लावला. बाटल्या गरम पाण्यात बुडवून त्यांच्या चिठ्ठ्या सोलल्या. डब्यांवरचे छाप खरवडले. ट्यूबांवरची अक्षरं धाकटीच्या नेलपॉलिश काढायच्या पाण्याने चोळून चोळून घालवली. आठवडाभरात आमचं घर कसं सोज्वळ दिसायला लागलं, सगळं पांढरं पांढरं, कशावरच काही लिहिलेलं नाही. धाकटीने डोक्याला शाम्पू म्हणून कपडे मऊ करायचा द्रव लावला. तिचे केस दोन दिवस इतके गुळगुळीत होते की क्लिप टिकेना, पण ती काही बोलली नाही. उलट आवडलंच तिला.

बोलले ते आमचे हे. म्हणजे माझे यजमान, भाऊजींचे थोरले बंधू. ऑफिसला जायची घाई, अर्धवट झोप, आणि बेसिनवर दोन पांढऱ्या ट्यूबा. यांनी सांधेदुखीचं मलम ब्रशवर घेतलं आणि मन लावून दात घासले.

बाथरूममधून जो आवाज आला तो माणसाचा होता की किटलीचा ते मला आधी कळेचना. बाहेर आले ते तोंड उघडं ठेवून, डोळ्यांना धारा, आणि जीभ हाताने वारा घालून गार करताहेत. खरं तर ती आधीच इतकी गार पडली होती की त्यांना शब्द उच्चारता येईनात. भाऊजींकडे बोट दाखवून नुसतं “हा... हा... हा...” आणि मी मेली हसतेय.

“हसतेस काय!” जीभ ताळ्यावर आल्यावर यांचा तिळपापड झाला. “दात दुखत नाहीयेत माझे आता, बधीर झालेत! बास झालं हे. ती खोली भाड्याने द्यायची. आमच्या ऑफिसात नवे हिशोबनीस आलेत, एकटेच आहेत, जागा शोधताहेत. चार पैसे येतील घरात. याच्या मिरचीने एक तरी दमडी आणली का?”

आणली होती तशी. गुलाब एकदाच विकला गेला होता आणि त्यात एक बिस्किटाचा पुडा आला असता, छोटा. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

भाऊजी भांडले नाहीत. मला वाटलं आता हा माणूस मुकाट्याने कॅमेरा कपाटात ठेवणार. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “दादा, ते राहायला कधी येणार?”

“त्यांची आताची जागा सुटेल तेव्हा. पावसाळा संपला की.”

“तोवर एका तरी महिन्यात फोटोंचे पैसे खोलीच्या भाड्याइतके आले, तर?”

“तर खोली तुझी! कायमची!” हे इतक्या जोरात हसले की मलमाची थंडी पुन्हा दातात शिरली. “पण नाही आले, तर चिमटे, पुठ्ठे, सगळं तू स्वतः उचलायचंस.”

“ठरलं,” भाऊजी म्हणाले.

मी धाकटीला कोपऱ्यात गाठलं. “अगं, काहीतरी बोल की त्यांना! कुठे भाडं, कुठे बिस्किटाचा पुडा!”

“ताई, मी मध्ये पडत नाही,” ती म्हणाली. पण जाता जाता नवीन चिमट्यांचं पाकीट टेबलावर ठेवून गेली. नवरा-बायकोतलं हे असलं बोलणं मला फार आवडतं.

पुढचे दोन महिने मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. दुकानातून आले की खिडकीशी. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून खिडकीशी. फुलं, फळं, रंगीत पेन्सिली, मेणबत्ती. पास होत होते सगळे, पण घेत कुणी नव्हतं. एकदा मी सहज आत डोकावले, तर ते टेबलाशी बसून नुसते खिडकीकडे बघत होते. कॅमेरा बाजूला. मी सावकार म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. चहा ठेवला आणि आले.

आणि मग भाऊजींच्या हातून चूक झाली. त्यांच्या दुकानात कुणी तक्रार घेऊन आलं की हे त्या घरी जाऊन फोटो काढून आणतात, माल पाठवणाऱ्याला दाखवायला. टाइल निघाली, नळ गळतो, असलं. अशाच कुणाच्या तरी बाथरूमचा एक कोपरा त्यांनी टिपला होता. भिंतीला ओल, तिच्यावर काळी बुरशी, टाइलच्या फटीतून पिवळं पाणी. घाण! आणि गुलाबांचे फोटो वर पाठवताना त्या ढिगातून हाही गेला. भाऊजींना पत्ताही नाही.

तो विकला गेला. मग पुन्हा विकला गेला. मग एकाच आठवड्यात इतक्या वेळा विकला गेला की भाऊजींना वाटलं यंत्रात बिघाड झालाय.

“वहिनी,” ते स्वयंपाकघरात आले, चेहरा असा की जणू कुणी त्यांच्या हातात दुसऱ्याचं बाळ ठेवलंय, “लोक बुरशी विकत घेताहेत.”

“कोण लोक? त्यांच्या घरात नाहीये का?”

“आहे! म्हणूनच तर!” आणि हा गप्प माणूस भडाभडा बोलायला लागला. गुलाब सगळेच काढतात, लाखो पडलेत तिथे. पण ज्याला ओल घालवायचं औषध विकायचंय त्याला ओल दाखवायला लागते. ज्याला नळ दुरुस्तीची जाहिरात करायचीय त्याला गळका नळ हवा. तो नळ कुणी प्रेमाने काढतच नाही. “आणि मी तर दिवसभर तेच बघतो, वहिनी! त्याचाच पगार घेतो!”

त्या दिवसापासून माझ्या संसाराची जी दैना झाली ती विचारू नका. जन्मभर मी या घरातली घाण काढत आले. आता हा माणूस घाण जपायला लागला. “वहिनी, तो डाग पुसू नका.” “वहिनी, करपलेलं पातेलं घासू नका, उजेड येऊ दे.” गाळणीत अडकलेले केस त्यांनी चिमट्याने उचलून, पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवून, दागिन्यासारखे टिपले. फ्रिजमध्ये विसरलेलं लिंबू, ज्याला मऊ हिरवी लव आली होती, त्याला मी हात लावणार तोच ओरडले, “थांबा! ते अजून तयार व्हायचंय!” बॅटरी फुटलेला रिमोट, तुटक्या काडीची छत्री, एकमेकांशी न जुळणाऱ्या मोज्यांचा ढीग. मोजे तर आमचे सगळ्यांचे आहेत, आणि ते आता कुठल्या देशात कुठल्या कपडे धुवायच्या मशीनच्या जाहिरातीत बसलेत देव जाणे.

पैसे येऊ लागले. बिस्किटाच्या पुड्यावरून गाडी पुढे सरकली, भाजीवर आली, विजेच्या बिलापर्यंत गेली. पण भाडं अजून लांब होतं, आणि पाऊस ओसरत आला होता.

त्यातच एक दिवस हिशोबनीस मोजपट्टी घेऊन खोली बघायला आले. नेमस्त माणूस, बोलणं गोड. पलंग कुठे बसेल ते मोजत बाहेरच्या भिंतीशी आले आणि म्हणाले, “इथे ओल दिसतेय,” आणि बोट लावायला गेले.

“हात लावू नका!” भाऊजी धावले. “ती ठेवायचीय!”

हिशोबनिसांनी बोट मागे घेतलं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “पाळलीय आम्ही.”

मला वाटलं आता हा माणूस जिन्यावरून पळत सुटणार. पण कसलं काय! “असू दे, असू दे, आताच्या जागेत तर छतच गळतं,” म्हणाले आणि येत्या महिन्याच्या एक तारखेला सामान घेऊन येतो म्हणून सांगून गेले. भाऊजी त्यांच्या मागे दार लावून तिथेच उभे राहिले. मोजपट्टीची खूण खिडकीखाली पेन्सिलने राहिली होती. पलंगाचं डोकं नेमकं तिथे येणार होतं, जिथे टेबल होतं.

“तोवर एका तरी महिन्यात,” ते हळूच म्हणाले. “आता हाच एक महिना उरला, वहिनी.”

त्याच रविवारी आमचं सिंक तुंबलं. का तुंबलं ते मी सांगायला नको. ‘गाळणी साफ करू नका’ हा हुकूम कुणाचा होता? सिंकमध्ये काळं पाणी काठापर्यंत. आमच्या ह्यांना चेव चढला. “दुकानात नळ विकणारा घरात असून उपयोग काय! मीच करतो.” पाना घेतला, सिंकखाली शिरले आणि खालचा वाकडा पाईप फिरवला. बादली ठेवायला मी सांगितलं होतं. ती त्यांनी ठेवली, पण जरा पलीकडे.

सगळं सिंक त्यांच्यावर रिकामं झालं.

ते बाहेर सरपटत आले आणि तसेच पाण्यात बसले. बनियन अंगाला चिकटलेलं, मांडीत पाईपचा तुकडा, बादली आडवी, आणि दोन्ही हातांनी धरलेलं डोकं. मी ओरडले, “भाऊजी, धावा!”

भाऊजी धावत आले, बघितलं, आणि तसेच उलट पावली धावत गेले. मला वाटलं दुसरा पाना आणायला गेले. आले ते कॅमेरा घेऊन.

“दादा, हलू नकोस.”

“अरे पाणी!”

“पाणी राहू दे. हात डोक्यावरच ठेव. थोडा वाक. हं... सुंदर!”

आमचे हे तेव्हा जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही, पण वळले मात्र नाहीत. वळायचं त्राणच नव्हतं. पाठमोरेच बसून शिव्या देत राहिले. मग भाऊजींनी कॅमेरा माझ्या हातात दिला, खाली शिरले आणि चहाला उकळी यायच्या आत पाईप बसवून दिला.

“हे आधी करता आलं नसतं?” हे कडाडले.

“आलं असतं की. पण मग फोटो कशाचा काढला असता?”

तो फोटो मी बघितला आणि हसायचंच विसरले. इतकी वर्षं संसार केला या माणसाशी, पण त्यांची पाठ इतकं बोलते हे मला माहीत नव्हतं. जगातल्या सगळ्या तुंबलेल्या सिंकांचा कंटाळा त्या पाठीत होता. आणि वर, दोन हातांच्या मधोमध, ओले केस बाजूला सरकलेले, खिडकीचा उजेड नेमका तिथे पडलेला, आणि बशीएवढं चकचकीत टक्कल. घरात याविषयी कुणी काही बोलत नाही. हे रोज सकाळी एका कानावरचे केस दुसऱ्या कानापर्यंत नेतात आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघतो.

भाऊजींनी फोटो वर पाठवला. तो परत आला. माणूस आहे म्हटल्यावर, पाठमोरा का होईना, त्याची सही लागते. झालं! खोली भाड्याने द्यायची ज्याला घाई, त्याचीच सही!

मी भाऊजींना सांगितलं, जेवल्यावर विचारा, पोट भरलेलं असताना. त्यांनी विचारलं. हे पेपर वाचत होते.

“पाठच आहे ना? चेहरा नाही ना?”

“चेहरा नाही.”

“मग घे!” ह्यांनी फोटोकडे ढुंकूनही न बघता लांबलचक शेपटाची सही ठोकली. “कोण घेणार आहे माझी पाठ! वीक, वीक आणि राज्य कर!”

धाकटी माझ्याकडे बघत होती. मी धाकटीकडे बघत होते. दोघींनी एकदमच भांडी उचलली आणि आत गेलो.

पुढचे काही दिवस फोटोने काहीच केलं नाही. मग एकदा विकला गेला, मग आणखी काही वेळा. भाडं जवळ येत होतं, पण दमलेल्या माणसाने जिना चढावा तसं. महिना संपत आला. भाऊजींनी एक रिकामं खोकं आणून मागच्या खोलीत ठेवलं, सामान भरायला. ठरलं म्हणजे ठरलं. त्यात त्यांनी पहिल्यांदा थर्माकोल ठेवला. ते मला बघवेना, म्हणून मी उगाचच गच्चीवर कपडे काढायला गेले.

तिथे भाऊजी मागोमाग आले. हातात फोन. आवाज नेहमीसारखाच.

“वहिनी, दादा कुठेय?”

“का हो?”

“एका विमा कंपनीने तो फोटो घेतलाय. मोठ्या छपाईसाठी. त्याचे जास्त पैसे असतात.” आणि फोन माझ्यासमोर धरला.

मी आकडा वाचला. मग बोट ठेवून पुन्हा वाचला. मग अशी किंचाळले की खालच्या अंगणातली मांजर कुंपणावरून पलीकडे पडली. भाडं? अहो, भाडं मागेच पडलं होतं, वर आणखी तेवढंच शिल्लक होतं! मी कोरडे कपडे तिथेच टाकले आणि जिन्यावरून ओरडत उतरले, “सावकार जिंकले! सावकार जिंकले!” भाऊजी मागून कपडे गोळा करत येत होते.

ह्यांनी चष्मा लावला. फोटो फोनवर नखाएवढा दिसत होता, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं, सगळं लक्ष आकड्यावर. “यातून कॅमेऱ्याचा खर्च वजा कर,” म्हणाले. “फुलांचा. विजेचा.”

आणि जी मध्ये पडत नाही ती धाकटी पडली. “दादा, हिशोबनिसांच्या भाड्यातून तुम्ही रंगाचा खर्च वजा करणार होतात? नळाच्या पाण्याचा?”

ह्यांनी चष्मा काढला. मग उठून भावाच्या पाठीवर अशी थाप मारली की भाऊजींच्या हातातले कपडे पुन्हा पडले. “घे. खोली तुझी. मी शब्द फिरवणारा नाही.” हिशोबनिसांना फोनही ह्यांनीच केला, आणि वर ऐटीत सांगितलं, “नाही हो, जमणार नाही. आमच्या धाकट्याचा तिथे व्यवसाय आहे.” व्यवसाय! मी भाऊजींकडे बघितलं. ते खोलीत जाऊन खोक्यातला थर्माकोल बाहेर काढत होते. धाकटी पेन्सिलची खूण पुसत होती. तेवढी एक खूण पुसायला त्यांनी हरकत घेतली नाही.

आता खरं तर इथेच संपायला हवं. पण आमचे हे घरात असताना काही संपतं का?

थोड्या दिवसांनी इमारतीच्या खालच्या सूचनाफलकावर विमा कंपनीचं पत्रक लागलं. पाणी गळती, घराचं नुकसान, चिंता आमच्यावर सोडा वगैरे. आणि अर्ध्या कागदावर आमचे हे. पाठमोरे, ओले, आणि ती बशी लख्ख. मी पिशवी घेऊन जिना चढत होते. तळमजल्यावरचे शेजारी ह्यांना थांबवून विचारत होते, “हे तुम्हीच ना हो?”

ह्यांनी पत्रक बघितलं. बराच वेळ बघितलं. “छे! मी कसला! हा कुणीतरी टकला आहे.” आणि केसांवरून हात फिरवत तरातरा वर.

मी पिशवी सावरत मागोमाग वर गेले. ऐकलं ते मात्र जपून ठेवलं.

संध्याकाळी बघते तर हे आपली मागे रेलायची आरामखुर्ची ढकलत ढकलत मागच्या खोलीत नेताहेत. थेट खिडकीशी. भाऊजींचं टेबल अर्धं सरकवलेलं.

“दादा, हे काय?”

“रविवारी दुपारी मी इथे पडणार. उजेड छान आहे. आणि माझा हक्कच आहे. खोली कुणामुळे वाचली? माझ्या फोटोमुळे!”

“तुझ्या?”

“मग! सगळं घर जाणतं की तो मीच आहे.”

भाऊजींनी टेबलावरचा पुठ्ठा नीट केला. आवाज चढवला नाही, काही नाही. “खालच्या पत्रकावर आहे तो?”

हे थांबले. “त्याचा इथे काय संबंध?”

“तोच फोटो आहे. तळमजल्यावरचे मला दुकानात भेटले. म्हणाले, तुझा दादा सांगत होता तो दुसराच कुणी टकला आहे.”

“अगं, तू सांग याला,” ह्यांनी मला ओढलं.

“मी काय सांगू?” मी चहा ढवळत म्हटलं. “जिन्यात मीही तेच ऐकलं.”

धाकटीला ठसका लागला. चहा न पिताच.

“ठरव, दादा,” भाऊजी म्हणाले. “तो तू असशील, तर खुर्ची खिडकीशी, मी टेबल हलवतो. फक्त आत्ता खाली जाऊन पत्रकावर पेनाने लिहून येतो, ‘हे आमचे दादा’. तो तू नसशील, तर खुर्ची बाहेर.”

हे उभे राहिले. खिडकीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. हात आपोआप केसांकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

“पाठ माझी आहे,” शेवटी ते म्हणाले. “डोक्याचं मी काही सांगू शकत नाही.”

“मग पाठीपुरती खुर्ची असेल तर आण,” भाऊजी म्हणाले. “डोकं टेकायची चालणार नाही.”

आणि ह्यांनी आरामखुर्ची उचलली, आणि बाहेर नेली.